पेटीतली रिळे आणि महाविद्यालयाचे सभागृह

अमझेरा हे नाव आमच्या बहुसंख्य वाचकांच्या कानावर कधी पडले नसेल. माळव्यात, मध्य प्रदेशाच्या धार जिल्ह्यात वसलेले हे लहानसे गाव. धार आणि देवास ही नावे मात्र मराठी माणसाला परकी नाहीत. पवारांच्या गाद्या तेथे होत्या आणि त्यांच्या आश्रयाने गेलेल्या घरांतून मराठी भाषा पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली. अमझेऱ्यातील अमका-झमका देवीच्या देवळाशी तेथील लोक रुक्मिणीहरणाची कथा जोडतात. त्याच अमझेऱ्याचे राजे राव बख्तावरसिंह यांनी १८५७ च्या उठावात इंग्रजांविरुद्ध शस्त्र उचलले आणि १० फेब्रुवारी १८५८ रोजी इंदुरात ते फासावर चढले. त्या प्रसंगाचे हलते चित्र असणे शक्यच नव्हते, कारण चलच्चित्राचा शोध लागायला अजून सदतीस वर्षे अवकाश होता.

त्याच माळव्यातून, उज्जैनहून, राजाभाऊ महाकाळ गोवामुक्तीच्या सत्याग्रहासाठी आले आणि १९५५ च्या ऑगस्टमध्ये पोर्तुगीज गोळीला बळी पडले. माळव्याचे हे ऋण गोमंतकाने विसरता कामा नये. पण येथे आम्हांला वेगळीच गोष्ट सांगायची आहे. राजाभाऊ धारातीर्थी पडले तेव्हा हौशी माणसाच्या हाती चलच्चित्राचा कॅमेरा येऊन तीन दशके उलटली होती. सोळा मिलिमीटरची फिल्म १९२३ साली बाजारात आली आणि आठ मिलिमीटरची १९३२ साली. म्हणजे १८५८ मध्ये जे अशक्य होते, ते १९५५ मध्ये निदान सधन घरांना शक्य झाले होते. त्या काळी ज्या घरांत असे कॅमेरे होते, त्या घरांतील रिळांचे पुढे काय झाले? हा प्रश्न अमझेऱ्याइतकाच आमच्या पणजी, म्हापसा, मडगाव आणि फोंडा येथील जुन्या घरांनाही लागू आहे, आणि आजचे आमचे निवेदन याच प्रश्नाविषयी आहे.

महाविद्यालयाच्या आवारात एखाद्या संध्याकाळी तिकिटाशिवाय, सर्वांना खुला प्रवेश ठेवून प्रयोगशील लघुपट आणि लोकांच्या घरची चित्रणे दाखवावीत, ही कल्पना परदेशांतील विद्यापीठांना नवी नाही. २००३ साली अमेरिकेतील काही चित्रपट-संग्रहपालांनी ‘होम मूव्ही डे’ नावाचा उपक्रम सुरू केला आणि तो पुढे अनेक देशांत पसरला. त्याची रीत अगदी साधी आहे. लोक आपापल्या घरची जुनी रिळे घेऊन येतात. जाणकार मंडळी एका मेजावर ती उलगडून तपासतात. फिल्म कोठे फाटली आहे, कोठे आकसली आहे, कोठे तिच्यावर बुरशी धरली आहे, हे पाहून जे रीळ यंत्रावर चढविण्याजोगे असेल तेच चढवितात. मग दिवे मालवले जातात आणि ज्यांचे ते रीळ असेल त्या घरातलेच कोणी उठून पडद्यावरील माणसांची ओळख करून देते. ही आमची आजी, हे आमचे अंगण, हा काका पुढे परदेशी गेला तो परतलाच नाही. अनोळखी प्रेक्षक ते ऐकतात, आणि थोड्याच वेळात त्यांपैकी कोणाला तरी स्वतःचे अंगण आठवते.

घरगुती चित्रण आणि प्रयोगशील लघुपट यांना एकाच संध्याकाळी एकाच पडद्यावर आणणे वरवर पाहता विजोड वाटेल. एकाला कलेची जाण नसते आणि दुसऱ्यात कलेखेरीज काही नसते, असा आक्षेपही कोणी घेईल. पण दोघांचे गोत्र एकच आहे. तिकीटबारीवर किती गल्ला जमेल याचा विचार करून दोहोंपैकी एकही जन्माला आलेले नाही. शिवाय चित्रपटाच्या इतिहासाची पहिली पाने उघडली, तर त्याचा जन्मच घरात झालेला दिसतो. २८ डिसेंबर १८९५ रोजी पॅरिसमध्ये ल्युमिएर बंधूंनी पैसे घेऊन जो पहिला खेळ केला, त्यात एक चित्र असे होते की, ऑग्युस्त ल्युमिएर आणि त्यांची पत्नी आपल्या तान्ह्या मुलीला भरवीत बसले आहेत. याहून घरगुती ते काय असणार?

आपल्याकडेही निराळे घडलेले नाही. ल्युमिएर यांची चित्रे ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात दाखविली गेली. त्यानंतर हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजेच सावे दादा, या छायाचित्रकाराने विलायतेहून कॅमेरा मागवून १८९९ साली हँगिंग गार्डनमधील कुस्ती टिपली, आणि १९०१ साली रँग्लर परांजपे केंब्रिजहून परतले त्या स्वागताचेही चित्रण केले. दादासाहेब फाळक्यांची कथा तर सर्वश्रुत आहे. ‘राजा हरिश्चंद्र’साठी भांडवल उभे करावयाचे होते आणि सावकारांचा या नव्या विद्येवर विश्वास नव्हता. तेव्हा १९१२ च्या सुमारास दादासाहेबांनी कुंडीत वाटाणा पेरला, रोज थोडे थोडे चित्रण केले, आणि अंकुर फुटून वेल वाढत जाण्याची अनेक दिवसांची क्रिया क्षणभरात पडद्यावर उलगडून दाखविली. भारतातला हा पहिला प्रयोगशील लघुपट म्हणावा, की घरच्या कुंडीचे घरगुती चित्रण म्हणावे? आमच्या मते तो दोन्ही आहे. पुढे ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ झळकला, त्यात रोहिदास झाला होता दादासाहेबांचा मुलगा भालचंद्र. ‘कालिया मर्दन’मधला बाळकृष्ण ही त्यांची कन्या मंदाकिनी. सरस्वतीबाईंनी दागिने दिले, फिल्मला छिद्रे पाडण्याचे किचकट काम केले आणि साऱ्या कंपनीला रांधून वाढले. ज्या धंद्याची उलाढाल आज अब्जावधींच्या घरात गेली आहे, त्याचा पाया एका मराठी घराने आपल्या स्वयंपाकघरातून घातला आहे.

प्रयोगाची ही परंपरा स्वातंत्र्यानंतरही खंडित झाली नाही. मात्र तिच्यावर प्रकाश फारसा पडला नाही. १९४८ साली स्थापन झालेली फिल्म्स डिव्हिजन म्हटली की आमच्या पिढीला मुख्य चित्रपटापूर्वी सक्तीने पाहावी लागणारी धरणे, कारखाने आणि उद्घाटने आठवतात. पण त्याच सरकारी खात्यात प्रमोद पती यांनी १९६८ साली ‘एक्स्प्लोरर’सारखा अवघ्या काही मिनिटांचा, निवेदकाविना, केवळ चित्रे आणि ध्वनी यांच्या वेगावर चालणारा लघुपट काढला. १९६७ साली एस. एन. एस. शास्त्री यांनी देशाबरोबरच जन्मलेल्या वीस वर्षांच्या तरुण-तरुणींना कॅमेऱ्यासमोर बसवून ‘आय ॲम ट्वेंटी’ साकारला. त्याच वर्षी मकबूल फिदा हुसेन यांच्या ‘थ्रू द आइज ऑफ अ पेंटर’ने बर्लिनच्या महोत्सवात लघुपटांचे सुवर्ण अस्वल मिळविले. यांतले किती आमच्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी पाहिले आहेत?

आणि जे जपले गेले नाही त्याचे काय झाले, याचे एकच उदाहरण पुरे. चित्रकार अकबर पदमसी यांनी १९६९ च्या सुमारास मुंबईत तरुण कलावंतांसाठी ‘व्हिजन एक्सचेंज वर्कशॉप’ उभे केले आणि स्वतःही दोन लघुपट केले. त्यांतील ‘इव्हेंट्स इन अ क्लाउड चेंबर’ची एकुलती एक प्रत होती, ती हरवली. आशिम अहलुवालिया यांनी २०१६ साली त्याच नावाचा लघुपट काढला तेव्हा वृद्ध पदमसींच्या आठवणींतून त्या हरवलेल्या चित्राची पुन्हा जुळवाजुळव करावी लागली. पदमसी २०२० साली निवर्तले. माणूस होता तोवर आठवण विचारता आली. आता तीही सोय उरलेली नाही.

याउलट जपल्याचे फळही आमच्यासमोर आहे. त्याच वर्कशॉपमध्ये चित्रफितीचे प्रयोग करणाऱ्या नलिनी मलानी यांच्या कन्या पायल कपाडिया पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटच्या विद्यार्थिनी. त्यांच्या ‘अ नाइट ऑफ नोइंग नथिंग’ या चित्रपटाला २०२१ साली कान महोत्सवात सर्वोत्कृष्ट माहितीपटाचा ‘गोल्डन आय’ पुरस्कार मिळाला. त्या चित्रपटात काय आहे? विद्यार्थ्यांनी आपल्याच आवारात टिपलेली दृश्ये आणि त्यांत गुंफलेली जुनी घरगुती चित्रणे. म्हणजे ज्या दोन प्रकारांची आम्ही येथे वकिली करीत आहोत त्यांच्याच संयोगातून, एका शिक्षणसंस्थेच्या आवारात, हे यश उगवले आहे.

घरगुती चित्रणाला इतिहासाचे मोल असते, हे आता निराळे सिद्ध करावयास नको. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने आपल्याच देशातील लाखाहून अधिक जपानी वंशाच्या रहिवाशांना छावण्यांत डांबले. कॅमेरा बाळगण्यास त्यांना मनाई होती. तरीही डेव्ह तात्सुनो नावाच्या एका कैद्याने युटामधील टोपाझ छावणीत आठ मिलिमीटरच्या कॅमेऱ्याने चोरून चित्रण केले. बर्फात खेळणारी मुले, प्रार्थनेहून परतणारी माणसे, एवढेच त्यात आहे. १९९६ साली अमेरिकेने ते चित्रण आपल्या राष्ट्रीय चित्रपट सूचीत दाखल केले. सरकारी छायाचित्रकाराने जे टिपले नसते, ते एका गृहस्थाने टिपून ठेवले.

येथे पुन्हा माळव्याकडे वळणे उचित होईल. प्रसिद्ध इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर १९२१ साली देवासच्या थोरल्या पातीच्या महाराजांचे खासगी चिटणीस होते. तेथून त्यांनी घरी पत्रे लिहिली. दरबार, गोकुळाष्टमीचा उत्सव, राजवाड्यातील गोंधळ, सारे त्यांत आले. १९५३ साली त्या पत्रांचा ‘द हिल ऑफ देवी’ हा ग्रंथ झाला, आणि त्या छोट्याशा मराठी संस्थानाचे चित्र जगभर पोहोचले. घरी लिहिलेली पत्रेच पुढे इतिहास झाली. पण ते चित्र एका पाहुण्याच्या नजरेतले होते. केंब्रिज विद्यापीठाच्या दक्षिण आशिया अभ्यासकेंद्राने ब्रिटिश अमदानीत येथे राहिलेल्या गोऱ्या कुटुंबांची घरगुती चित्रणे जतन करून अभ्यासकांना खुली केली आहेत. राज्यकर्त्यांच्या सहली, त्यांच्या शिकारी, त्यांच्या मुलांचे वाढदिवस सुरक्षित आहेत. ज्यांच्या देशात ते वाढदिवस साजरे झाले त्यांची रिळे मात्र माळ्यावरच्या ट्रंकेत वाळवीची वाट पाहात पडली आहेत. आम्ही केंब्रिजला दोष देत नाही. त्यांनी आपले जपले. आम्ही आमचे जपले नाही, एवढेच.

काही ठिकाणी तर घरगुती चित्रणाखेरीज दुसरा आधारच उरत नाही. धार जिल्ह्यातील चिखल्दा आणि निसरपूर ही नर्मदाकाठची गावे २०१९ साली सरदार सरोवर पूर्ण भरले तेव्हा पाण्याखाली गेली. आमच्या सांगे तालुक्यातील कुर्डी साळावली धरणाने कधीच गिळले. गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकरांचे हे गाव उन्हाळ्यात पाणी ओसरले की काही आठवडे वर येते, आणि विस्थापित झालेली माणसे सोमेश्वराच्या देवळाशी पुन्हा जमतात. त्या भिंतींच्या अवशेषांवरून नातवाला काय कळणार? त्या ओसरीवर कोण बसत असे, माटोळी कशी बांधीत, शिगम्याचा मेळ कोणत्या वाटेने येई, हे दाखविणारे दोन मिनिटांचे चित्रण एखाद्या घरात निघाले, तर सरकारी पुनर्वसनाच्या साऱ्या फायलींहून ते मोलाचे ठरेल.

आणि या कामाला फार अवधी नाही. जुनी ॲसिटेटची फिल्म दमट हवेत कुजते. डबा उघडताच शिरक्याचा वास आला की समजावे, क्षय सुरू झाला. ती आकसते, वाकते आणि मग कोणत्याही यंत्रातून जात नाही. आमच्या किनाऱ्यावरील पावसाळा तिचा वैरी आहे. आखातातून किंवा बोटीवरून परतलेल्या आमच्या बांधवांनी ऐंशी-नव्वदच्या दशकांत व्हिडिओ कॅमेरे आणले आणि लग्ने, मुंजी, चवथ, जत्रा टेपवर घेतल्या. त्या टेपांवर आता बुरशी चढली आहे, आणि त्या वाजविणारी यंत्रे बनविणाऱ्या शेवटच्या कारखान्यानेही २०१६ साली उत्पादन थांबविले. मोठ्या संस्थाही संकटातून सुटलेल्या नाहीत. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या ज्वालाग्राही नायट्रेट फिल्मांना ८ जानेवारी २००३ रोजी आग लागली आणि अनेक जुने चित्रपट भस्मसात झाले. पी. के. नायर यांच्यासारख्या माणसाने आयुष्य वेचून जे गोळा केले त्याची ही गत, तर ट्रंकेतल्या रिळाची काय कथा!

यावर काही आक्षेप येतील, त्यांचा विचार प्रामाणिकपणे केला पाहिजे. आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे, मग जुन्या रिळांचे एवढे कौतुक कशाला, असे तरुण वाचक विचारतील. त्यांना आमचे उत्तर असे की, तुमच्याही चित्रणांची तीच गत होणार आहे. दूरध्वनी बिघडला किंवा बदलला की हजारो चित्रणे एका क्षणी जातात. शिवाय एकट्याने हातातल्या काचेवर पाहणे निराळे आणि शंभर माणसांनी काळोखात एकत्र बसून पाहणे निराळे. दुसरा आक्षेप प्रयोगशील लघुपट समजत नाहीत, असा. फाळक्यांचा वाटाणाही सावकारांना आधी समजला नव्हता. पाहण्याची सवय लागल्याशिवाय समज येत नाही, आणि दाखविल्याशिवाय सवय लागत नाही. तिसरा आक्षेप मात्र खरोखर विचारार्ह आहे. घरची गोष्ट चव्हाट्यावर का आणावी, असे गृहिणी विचारतील, आणि तो त्यांचा अधिकार आहे. म्हणूनच कोणते चित्रण दाखवावे, किती दाखवावे, कोणते घरीच ठेवावे, हे त्या त्या कुटुंबानेच ठरविले पाहिजे. मूळ रीळ घरचे घरीच परत जावे आणि प्रत ठेवावयाची तर ती लेखी संमतीनेच ठेवावी. या मर्यादा पाळल्या, तर संकोचाचे कारण राहणार नाही.

हे सारे आपल्याकडे होऊ शकेल काय, अशी शंका घेणाऱ्यांनी कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यातले हेग्गोडू आठवावे. सुपारीच्या बागांतले ते खेडे. तेथे के. व्ही. सुब्बण्णा यांनी ‘नीनासम’ या संस्थेमार्फत सत्तरच्या दशकात चित्रपट मंडळ उभे केले, जगातले उत्तम चित्रपट शेतकऱ्यांसमोर दाखविले आणि त्यांवर चर्चा घडवून आणली. १९९१ साली सुब्बण्णांना मॅगसेसे पुरस्कार लाभला. मुंबईत फिल्म्स डिव्हिजनच्या पेडर रोडवरील वास्तूत २०१२ साली ‘एफडी झोन’ सुरू झाले. माहितीपट आणि प्रयोगशील लघुपट, प्रवेश विनामूल्य. फिल्म्स डिव्हिजन आणि राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय यांचा कारभार २०२२ साली राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाकडे सोपविण्यात आला. व्यवस्था कोणाच्याही हाती असो, तिजोरीतले चित्रपट जनतेच्या पैशाने झालेले आहेत आणि महाविद्यालयांना ते सुलभपणे मिळाले पाहिजेत, ही मागणी रास्तच आहे.

भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव २००४ पासून पणजीत भरत आला आहे. त्याचा आम्हांला अभिमान आहे. पण गालिचा गुंडाळला गेला, पाहुणे गेले, की वर्षाचे उरलेले दिवस काय, हा प्रश्न आम्ही यापूर्वीही विचारला आहे. महोत्सव जगाचे चित्रपट आमच्या दारी आणतो. आमच्या घरचे चित्र आमच्याच मुलांना कोण दाखविणार? त्यासाठी कोटींची तरतूद नको. महाविद्यालयाचे एक सभागृह, एक पडदा, एक यंत्र, रीळ हाताळू शकणारा एखादा जाणकार आणि आठ-दहा उत्साही विद्यार्थी एवढे पुरे. विद्यार्थ्यांनी घरोघर जाऊन रिळे आणि टेपा यांची नोंद करावी. खेळाच्या वेळी घरातील वृद्ध जे सांगतील तेही ध्वनिमुद्रित करावे, कारण माणसांची नावे माहीत नसलेले चित्रण निम्मे मुके असते. त्याच संध्याकाळी पती, शास्त्री आणि आजचे विद्यार्थी यांचे लघुपट दाखवावेत. ज्या मुलाने आजीचे अंगण पडद्यावर पाहिले, त्याला कॅमेरा कोठे रोखावा हे निराळे शिकवावे लागणार नाही.

आमच्या महाविद्यालयांच्या प्राचार्यांनी आणि विद्यार्थी मंडळांनी हे मनावर घ्यावे. धार-देवासच्या मराठी मंडळींपर्यंत हे शब्द पोहोचले, तर त्यांनीही आपल्या ट्रंका उघडून पाहाव्यात. राव बख्तावरसिंहांच्या अमझेऱ्याचे चलच्चित्र आपल्याला कधीच मिळणार नाही. मात्र पन्नास वर्षांपूर्वीच्या अमझेऱ्याचा बाजार, तेथील लग्नाची वरात, कुर्डीतली एखादी ओसरी, हे कोणाच्या तरी पेटीत अजून असू शकेल. यंदाचा पावसाळा उभा राहण्यापूर्वी ती पेटी उघडली जावी, एवढेच आमचे मागणे आहे.